क्लाराची वही

(पडद्यावर रोजनिशीचं पान, शाईतलं जर्मन हस्ताक्षर.)

ही एका मुलीची रोजनिशी. सुरुवात ७ जून १८२७ची. पानापानावर 'मी' आहे, 'माझे वडील' आहेत. अक्षर मात्र त्या मुलीचं नाही, वडिलांचं आहे. पुढची कितीतरी वर्षं 'मी' म्हणून बरंचसं तेच लिहीत राहिले.

मुलीचं नाव क्लारा वीक. जन्म १३ सप्टेंबर १८१९, जर्मनीतल्या लाइपझिग शहरात. वडील फ्रीडरिश पियानो शिकवायचे आणि विकायचेही. आई गायिका. दोघं वेगळे झाले आणि सॅक्सनी या तिथल्या राज्याच्या तेव्हाच्या कायद्यानं मुलगी वडिलांकडे गेली. चार वर्षांची होईस्तोवर क्लारा बोलतच नव्हती. घरच्यांना वाटायचं, हिला ऐकू येत नसावं. आणि हीच पोर ऐकलेली धून पियानोवर वाजवायची!

रोज एक तास शिकवणी, दोन तास रियाज, शिवाय लांबवर पायी फिरणं. नवव्या वर्षी ती लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात पहिल्यांदा वाजवायला बसली. बाराव्या वर्षी, १८३१ मध्ये, तिची पहिली रचना छापून आली : चार पोलोनेझ, म्हणजे पोलिश नृत्याच्या चालीवरचे तुकडे.

त्याच वर्षी वायमारला ती गटेच्या घरी गेली. पियानोपुढची बैठक तिला ठेंगणी पडत होती. ब्याऐंशी वर्षांचा तो महाकवी स्वतः उठला आणि बाहेरच्या खोलीतून उशी घेऊन आला.

(पियानो. हळूहळू चेलो मिसळतो.)

आता हे ऐका. पियानो कन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना. स्वर ए मायनर. लिहायला घेतला तेव्हा क्लारा तेरा वर्षांची होती. शेवटच्या भागाच्या वाद्यवृंदलेखनाला संगीतकार रॉबर्ट शुमाननं हातभार लावला. ९ नोव्हेंबर १८३५ला, सोळाव्या वर्षी, तिनं तो गेवांडहाउसमध्ये वाजवला. संचालन संगीतकार मेंडेल्सोनचं.

मधल्या भागात सोळा वर्षांच्या मुलीनं अख्खा वाद्यवृंद गप्प बसवलाय. आधी एकटा पियानो. मग तीच सुरावट एक चेलो उचलतो, आणि पियानो मागे सरून त्याला साथ देतो. भाग संपत येताना टिंपनीचा, म्हणजे नगाऱ्यासारख्या वाद्याचा, हलका घुमारा, बस्स. एवढी मोकळी जागा ठेवायला मोठं धाडस लागतं. मला हा तिच्या सगळ्या संगीतातला सर्वांत सुंदर क्षण वाटतो.

१८३७-३८च्या हिवाळ्यात व्हिएन्नानं तिला डोक्यावर घेतलं. दरबाराचा किताब मिळाला, तिच्या नावाचा केकसुद्धा निघाला.

(पुन्हा वही. अक्षर बदललेलं.)

नोव्हेंबर १८३९. आता लिहिणारी क्लारा स्वतः आहे, वीस वर्षांची. ती लिहिते : आपल्यात सर्जनाची देणगी आहे असं मला एकेकाळी वाटायचं, पण तो विचार मी सोडून दिलाय. बाईनं संगीतरचनेची इच्छा धरू नये. आजवर एकीलाही ते जमलेलं नाही.

त्याच वर्षी तिनं पियानोसाठी तीन रोमान्स, म्हणजे छोट्या भावपूर्ण रचना, लिहून पूर्ण केले होते. १८४० मध्ये व्हिएन्नात ते छापले गेले. ओपस, म्हणजे रचनाक्रमांक, ११.

(पहिला रोमान्स सुरू होतो.)