गावात नवा भाडेकरू

श्रोतेहो, नमस्कार.

व्हॅम्पायरच्या सिनेमात व्हॅम्पायर जितका उशिरा दिसेल तितका सिनेमा चांगला, असं माझं सरळ मत आहे. पहिला पाऊण तास आधी गाव दिसलं पाहिजे. शाळा कुठे भरते, पोलीस पाटलाचं कोणाशी पटत नाही, कुठल्या दुकानात सगळ्या गावाच्या भानगडी कळतात, कोणाची सून माहेरी गेलीय ती परत आलेली नाही. हे सगळं आपल्या अंगवळणी पडलं की मग एका सकाळी दूधवाला येत नाही. इथे सिनेमा सुरू होतो. दिग्दर्शकाला घाई असेल आणि त्याने पहिल्या पाच मिनिटांतच सुळे दाखवले, तर पुढे दोन तास तो फक्त रक्ताच्या बाटल्या ओतत बसतो, आणि आपण घड्याळ बघत.

असं छोटं, शांत गावच का लागतं? मोठ्या शहरात माणूस नाहीसा झाला तर पोलिसांत एक नोंद होते. छोट्या गावात तो रोज बसायचा ती पारावरची जागा रिकामी दिसते. ती सगळ्यांना दिसते, आणि तरीही गाव त्यावर एक बरं दिसेल असं कारण शोधून काढतं. ‘पोराला ताप होता.’ ‘कर्ज फार झालं होतं हो, गेला असेल मुंबईला.’ घरातली गोष्ट घरात ठेवायची, चारचौघांत बोलायची नाही, ही आपल्या ओळखीची सवय आहे. व्हॅम्पायरचा निम्मा उदरनिर्वाह याच सवयीवर चालतो.

स्टीफन किंगची १९७५ सालची कादंबरी ‘सेलम्स लॉट’ नेमकी याच्यावर उभी आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं एक गाव, टेकडीवर बदनाम झालेलं एक जुनं घर. ते घर कोणीतरी विकत घेतं आणि गावात जुन्या वस्तूंचं दुकान निघतं. दुकान चालवणारा माणूस अतिशय सभ्य. त्याचा भागीदार मात्र कोणी पाहिलेलाच नाही, तो कायम ‘खरेदीसाठी बाहेरगावी’ असतो. टोबी हूपर या दिग्दर्शकाने १९७९ मध्ये टीव्हीसाठी त्याचे दोन भाग केले. त्यातला एक प्रसंग पाहिलेला माणूस विसरत नाही. रात्रीची वेळ, एका मुलाच्या खोलीची काचेची खिडकी, बाहेर धुकं, आणि त्या धुक्यात तरंगत आलेला त्याचा नाहीसा झालेला धाकटा भाऊ. तो नखांनी काच खरवडतो आणि हसतो. आत घ्या, एवढंच त्याचं मागणं. त्या पोराला तारांनी टांगलेलं नव्हतं, क्रेनच्या दांड्यावर बसवलं होतं, त्यामुळे तारेवरचे झोके त्यात नाहीत. शिवाय चित्रण उलटं केलेलं. त्यामुळे धुकं कुठे वाहतंय ते डोळ्याला कळत नाही, पण काहीतरी चुकतंय हे पोटात कळतं. आवाज म्हणाल तर काचेवर नखं. 

हीच गोष्ट आपल्या नारायण धारपांनी ‘लुचाई’मध्ये मराठी मातीत आणली. धारपांचं नाव काढलं की पुण्यात अजूनही एका पिढीच्या चेहऱ्यावर लायब्ररीतल्या त्या पुस्तकांची आठवण उमटते. पुठ्ठ्याची बांधणी, मधली चार पानं गेलेली, आणि ती नेमकी शेवटाकडची!

पण किंग, धारप यांच्या कितीतरी आधी हे सगळं खरोखर घडलंय, आणि तिथे सुळेवाला कोणी नव्हता. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडमधलं एक्झीटर गाव. साल १८९२. तिथल्या ब्राउन कुटुंबात आधी आई गेली, मग मोठी मुलगी, आणि त्या जानेवारीत धाकटी मर्सी, वय १९. तिचा भाऊ एडविन अंथरुणाला खिळलेला. सगळ्यांची लक्षणं एकच: माणूस दिवसेंदिवस पांढरा पडतो, झडतो, खोकताना ओठाला रक्त लागतं. क्षय. रॉबर्ट कॉकने क्षयाचा जंतू दाखवून तोवर दहा वर्षं झाली होती. पण गावाने वेगळा हिशेब मांडला: गेलेल्यांपैकी कोणीतरी उठून जिवंतांना शोषतंय. मार्चमध्ये तिघींची प्रेतं बाहेर काढली. आई आणि मोठी बहीण यांचे सांगाडे झालेले. मर्सी मात्र जशीच्या तशी, हृदयात रक्तही. डॉक्टर सांगत होते की यात नवल नाही. पोरगी ऐन थंडीत गेली, प्रेत जमिनीवरच्या दगडी खोलीत ठेवलेलं, म्हणजे बर्फाच्या पेटीतच दोन महिने. कोण ऐकतो! तिचं हृदय जाळलं, राख पाण्यात कालवून एडविनला पाजली. मे महिन्यात तोही गेला.

मला या हकिगतीतला बाप आठवत राहतो. जॉर्ज ब्राउन. त्या काळच्या बातम्यांनुसार त्याचा या प्रकारावर फारसा विश्वासही नव्हता. शेजारीपाजारी मागे लागले, आणि त्याने होकार दिला. गावात राहायचं होतं ना.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’च्या टिपणांमध्ये न्यू इंग्लंडमधल्या या व्हॅम्पायर-प्रकरणांबद्दलचं १८९६ सालचं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राचं कात्रण सापडलेलं आहे. कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली २६ मे १८९७ ला. आता ही तारीख पुणेकराने जरा दुसऱ्या अंगाने वाचावी. त्या वसंतात पुण्यात प्लेग होता. १० मार्चला रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. रँडच्या प्लेग कमिटीच्या झडत्या चालू होत्या, सोजीर बुटांसकट माजघरात, देवघरात शिरत होते. लोक घरं टाकून गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेले. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडला गोळी घातली. म्हणजे न बोलावता घरात पाऊल टाकू न शकणाऱ्या सरदाराची गोष्ट लंडनकर नव्याने वाचू लागले, त्याच्या थोडंच आधीपर्यंत त्यांचीच फौज इथे उंबरठे ओलांडत होती. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला माहीत आहे. पण मी पुण्यात बसून ‘ड्रॅक्युला’ वाचतो तेव्हा ते डोक्यातून जात नाही.

साथ आणि व्हॅम्पायर यांची उघड सांगड सिनेमाने घातली ती १९२२ मध्ये. मुर्नाऊचा मूकपट, ‘नोस्फेराटू’. जर्मनीतलं विसबर्ग नावाचं काल्पनिक बंदर, चित्रण झालं विस्मार आणि ल्यूबेक या खऱ्या गावांत. मातीने भरलेल्या शवपेट्या आणि उंदीर घेऊन जहाज येतं, त्यावर जिवंत माणूस उरलेला नाही. मग दवंडीवाला ढोल वाजवत गल्लीत येतो, प्लेगचा हुकूम वाचतो, आणि खिडक्या एकेक करून बंद होतात. वरच्या मजल्यावरून नायिका पाहते तर अरुंद रस्त्यावरून शवपेट्यांची रांग चाललीय, काळ्या कोटातली माणसं दोघं-दोघं. एवढंच. माझ्या मते व्हॅम्पायर सिनेमातली सर्वांत भयंकर चौकट ही आहे, आणि तिच्यात व्हॅम्पायर नाहीच.

उन्हाने व्हॅम्पायर मरतो हेही याच सिनेमाने आणलं बरं का. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा हिंडतो, फक्त त्याची शक्ती कमी असते. आणि गंमत पाहा. त्या काळच्या फिल्मवर रात्र टिपता येत नसे, म्हणून रात्रीचे प्रसंग भर दिवसा घेत आणि प्रत निळ्या रंगात बुडवत. निळं म्हणजे रात्र, हे प्रेक्षकांना ठाऊक होतं. पुढे त्याच्या साध्या काळ्या-पांढऱ्या प्रती निघाल्या, रंग गेला, आणि उन्हाला घाबरणारा हा गृहस्थ चक्क टळटळीत दुपारी काखेत शवपेटी मारून गावातून चाललेला दिसू लागला. लोक हसायचे. दोष मुर्नाऊचा नाही.

गोष्ट ‘ड्रॅक्युला’चीच, पण स्टोकरच्या विधवेची परवानगी न घेता हा सिनेमा काढला होता. ती कोर्टात गेली, आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करा असा निकाल लागला. काही प्रती आधीच परदेशी गेलेल्या, म्हणून वाचला. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय असलेल्या आपल्या गावाला प्रत वाचणं म्हणजे काय ते सांगायला नको. २००३ च्या जानेवारीत प्रभातच्या जुन्या आवारात नायट्रेटच्या रिळांना आग लागली, तेव्हा जे गेलं ते गेलंच.

आता उंबरठा. बोलावल्याशिवाय आत यायचं नाही, हा नियम आपल्याला परका वाटत नाही. हिरण्यकश्यपूला मारायला नरसिंहाने जागा निवडली ती उंबऱ्यावर आणि वेळ निवडली तिन्हीसांजेची. ना आत ना बाहेर, ना दिवस ना रात्र. त्या फटीतूनच काहीतरी येऊ शकतं, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून तर दिवेलागणीला उंबऱ्यावर बसू देत नसत.

तरी आपल्याकडे व्हॅम्पायर रुजला नाही, आणि मला त्याचं साधं कारण दिसतं: आपण बहुतेक जण प्रेत जाळतो. परत यायला देहच उरत नाही. मग आपला मुंजा पिंपळाला धरून बसतो, हडळ विहिरीला, समंध पुरलेल्या धनाला. त्यांची काहीतरी इच्छा राहिलेली असते, तक्रार असते. नारळ, दहीभात, एखादा उतारा, तडजोड होते. व्हॅम्पायरची तक्रारच नसते. त्याला भूक असते, आणि पैसे रोख द्यायची तयारी.

अलास्कातल्या बॅरो गावावर २००७ साली एक सिनेमा आला, ‘थर्टी डेज ऑफ नाइट’. हिवाळ्यात तिथे सूर्य उगवतच नाही, मग व्हॅम्पायरांची चंगळ. कल्पना झकास. प्रत्यक्षात तिथली रात्र दोन महिन्यांहून थोडी जास्तच चालते, सिनेमाने ती महिन्यावर आणली. पण एवढं हाती असून पुढे नुसती कापाकापी. गावातली माणसं ओळखीची व्हायच्या आधीच मरतात, मग वाईट कोणाचं वाटून घ्यायचं?

मराठीत हे करायचं तर पुणे आता उपयोगाचं नाही. इथल्या चौदा मजली सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधला माणूस दिवसा कधीच दिसत नाही, याचं कोणाला काही वाटत नाही. आयटीत असेल म्हणतात. भोर घ्या, वाई घ्या, सासवड घ्या. शेवटची एसटी गेल्यावर बाजारपेठ कशी आवरते ते दाखवा. फळ्या लावणारा दुकानदार, एकच चालू असलेला पानाचा ठेला, वाड्याची दिंडी, आतला अडसर. मग बाहेरचा कोणीतरी तो वाडा घ्यायला येतो.

आणि इथेच आपली मूळ युरोपियन गोष्ट अडते. ड्रॅक्युलाला लंडनजवळचं घर घ्यायला एक वकील आणि थोडी कागदपत्रं पुरली. इथे उताऱ्यावर सव्वीस नावं. त्यातली नऊ वारलेली, दोघे अमेरिकेत, एक आत्या सही देत नाही आणि मधल्या चुलत्यांचा वाटणीचा दावा बापाच्या वेळेपासून चालू. तो निकाली निघेपर्यंत टिकून राहायचं तर गिऱ्हाईक अमरच पाहिजे! मला तर वाटतं सिनेमाचा पहिला पाऊण तास इथूनच काढावा. सभ्य, फिकट, संध्याकाळनंतरच भेटणारा गृहस्थ एकेका वारसाच्या दारात जातो. सगळे त्याला आपण होऊन म्हणतात, ‘या, या, बाहेर का उभे? आत या.’ चहा ठेवतात. तो घेत नाही. आणि पुढच्या महिन्यात उताऱ्यावर एक नाव कमी.

कोणी करणार असेल तर आधी ‘नोस्फेराटू’ बघा, पण निळ्या-पिवळ्या रंगांची दुरुस्त केलेली प्रतच मिळवा. आणि ‘सेलम्स लॉट’ १९७९ चाच, नंतरचे नकोत. नमस्कार.