सेप्टिक टँकची जाळी काढून फेकू नका

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईतल्या गोराई, मनोरीची गावठाणं घ्या किंवा आरेतले पाडे. जिथे मलवाहिनी पोचलेली नाही, तिथे संडासाचं पाणी सेप्टिक टँकमध्ये जातं आणि तिथून शोषखड्ड्यात मुरतं. या दोघांच्या मधे, टाकीतून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी, उभ्या टीमध्ये, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराच्या पाइपमध्ये, प्लॅस्टिकची जाळी बसवता येते. काही नव्या टाक्यांत ती असतेच. पाणी तुंबलं की कुणीतरी ती उपटून फेकतं आणि संडास लगेच चालू होतो.

हे होऊ देऊ नका. जाळी तुंबली, म्हणजे तिनं गाळ अडवला. ती नसेल तर तोच गाळ शोषखड्ड्यात उतरतो, आणि तिथली माती एकदा चोंदली की बहुतेक वेळा नवा खड्डा खणावा लागतो. गावठाणाच्या दाटीत त्याला जागा कुठून आणणार?

जाळी वर्षातून दोनदा धुवा: मे महिन्यात पावसाआधी, आणि दिवाळीच्या सुमारास. वॉशिंग मशीनचं पाणीही याच टाकीत सोडलं असेल, तर दर तीन महिन्यांनी बघा. सिंथेटिक कपड्यांचे तंतू कुजत नाहीत, फटींत गुंततात. मासे तळलेलं तेल मोरीत ओतलं तर ते थिजून त्याच तंतूंना चिकटतं.

धुताना घरातले नळ आणि फ्लश बंद ठेवा. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. झाकण उघडून थोडा वेळ लांब थांबा, मग वारा पाठीवर घेऊन उभे राहा. विडी, काडी जवळ नको, आत मिथेन असतो. आतल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास कळेनासा होतो. म्हणून वास नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. आत डोकं घालू नका.

आता पाण्याची पातळी बघा. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या वर चढलं असेल तर जाळी लगेच उपसू नका, साठलेला मैला एकदम शोषखड्ड्यात धावेल. आधी सक्शन गाडी बोलावून पातळी खाली आणा. मग दांडा धरून जाळी सावकाश सरळ वर काढा आणि टाकीच्या तोंडावरच, मैला आत येतो त्या बाजूला, पाइपच्या पाण्यानं धुवा. घाण टाकीतच पडली पाहिजे, गटारात नाही. ॲसिड, ब्लीच वापरू नका, मैला कुजवणारे जिवाणू मरतात. उरलेला पातळ बुळबुळीत थर राहू द्या. जाळी परत टीच्या तळाला टेकेपर्यंत दाबून बसवा. अर्धवट बसली तर बाजूच्या फटीतून गाळ निसटतो.

धुऊनही महिन्याभरात पुन्हा तुंबली, तर दोष बहुधा जाळीचा नसतो. टाकी भरलेली असते. लांब काठीला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून तळापर्यंत सोडा. काळा डाग पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत दिसला तर उपसा करून घ्या. पण प्लॅस्टिकची टाकी भर पावसात पूर्ण रिकामी करू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, हलकी झालेली टाकी उचलली जाते आणि पाइप तुटतात.

तडा गेला, फटी रुंदावल्या, दांडा तुटला किंवा रबरी रिंग कडक झाली, तर जाळी बदला. दुकानात जुनी घेऊन जा. बाहेरच्या पाइपचा व्यास, बहुधा 110 मिलिमीटर, आणि जाळीची लांबी दोन्ही जुळली पाहिजेत. जाळी निसटून आत पडली तर ती तिथेच राहू द्या, नवी आणा. ती काढायला माणूस आत उतरवू नका. सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं, हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्या वायूत माणूस काही श्वासांतच कोसळू शकतो. त्याला वाचवायला उतरणारा दुसराही.