पत्र लिहिण्यास कारण की

(बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मुलांनो, मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.ला ‘बिझनेस कम्युनिकेशन’ हा विषय कित्येक वर्षं शिकवला जातो आहे. संवादाची प्रक्रिया, संवादातले अडथळे, मीटिंगची नोटीस, अजेंडा, मिनिट्स. नोट्स पाठ होतात, पेपर सुटतो. आणि नोकरीत पहिल्याच आठवड्यात फोनवर पलीकडून इंग्रजी ऐकू आलं की तोच मुलगा रिसिव्हर शेजारच्याच्या हातात देतो. मला याचं फार वाईट वाटतं. कारण तीन वर्षांत त्याला एकदाही कुणी वर्गात इंग्रजीतून फोन करायला लावलेला नसतो.

माझी एक विद्यार्थिनी एका कंपनीच्या हिशेब खात्यात लागली. अतिशय नम्र मुलगी. तिनं एका ग्राहकाला ई-मेल केला, ‘आय वॉन्ट द पेमेंट डिटेल्स बाय टुमॉरो.’ साहेबांनी तिला बोलावून विचारलं, इतकी उद्धट का लिहितेस? ती रडत माझ्याकडे आली. व्याकरण तर बरोबर होतं!

चूक कुठे झाली ते नीट पाहा. मराठीत आपला आदर क्रियापदात असतो. दे, द्या, द्याल का, द्यावेत. नुसता प्रत्यय बदलला की समोरचा माणूस मोठा होतो. इंग्रजीत ‘गिव्ह’ एकच. तिथे आदर क्रियापदाच्या बाहेर येऊन उभा राहतो: ‘कुड यू प्लीज सेंड’, ‘वुड इट बी पॉसिबल’. त्या मुलीच्या मनात ‘द्याल का’ होतं, पण शब्दाला शब्द ठेवताना ते गळून गेलं. हे कुठल्याही गाइडमध्ये मला सापडलेलं नाही, आणि मला वाटतं पहिला तास यावरच घ्यायला हवा.

याच्या उलट टोकाला अर्ज. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट.’ कॉमर्स शिकवणारं सिडनहॅम कॉलेज मुंबईत १९१३ साली निघालं. त्या काळच्या व्यापारी पत्रांत असली वाक्यं शोभत होती. तिकडे इंग्रजांनी ती केव्हाच टाकली, आपण अजून घोटतो आहोत. ‘काइंडली डू द नीडफुल’ हेही तसंच. नीडफुल म्हणजे नेमकं काय? बिल बदलून पाठवायचं, की पैसे परत करायचे? वाचणाऱ्यानं ओळखायचं का?

तुमच्या आजोबांची जुनी पत्रं घरात असतील तर काढा. ‘सप्रेम नमस्कार वि. वि.’ झालं की ‘पत्र लिहिण्यास कारण की’ येतं. ते कारण म्हणजेच ई-मेलचा सब्जेक्ट. ‘अर्जंट’ किंवा ‘रिक्वेस्ट’ एवढंच लिहू नका. ‘बिल नंबर ४१२: दोन खोकी कमी आली’ असा मजकूर इंग्रजीत लिहा. मग पहिल्या ओळीत काय हवंय, दुसरीत कधीपर्यंत. माहिती अधिकाराचा अर्जही असाच असतो. ‘रस्त्याच्या कामाची सर्व माहिती द्या’ म्हणाल तर हाती काही लागत नाही. कुठला रस्ता, कुठलं वर्ष, कुठला कागद, हे लिहिलं की कार्यालयाला नेमकं उत्तर द्यावं लागतं.

बोलण्याचं थोडक्यात सांगतो. उच्चार साहेबी नसला तरी चालतो, आकडा मात्र चुकता कामा नये. फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘फिफ्टीन, वन-फाइव्ह’ असं म्हणायची सवय लावा. समजलं नाही तर ‘येस सर’ म्हणून फोन ठेवू नका. ‘कुड यू रिपीट दॅट, प्लीज?’ हे वाक्य आज घरी जाताना वीस वेळा मोठ्यानं म्हणा.

आता वह्या मिटा. दोघा-दोघांच्या जोड्या करा आणि एकमेकांकडे पाठ करून बसा, म्हणजे तोंड दिसणार नाही. एकानं मालाची ऑर्डर द्यायची, दुसऱ्यानं ती लिहून घेऊन परत वाचून दाखवायची. मागच्या बाकापासून सुरू करूया.