वॉटर्लू ते शँकलिन : एका तिकिटावर रेल्वे, बोट आणि पुन्हा रेल्वे

[दृश्य : लंडन, वॉटर्लू स्टेशन. गाड्यांचा फलक, त्याखाली माना वर करून उभे असलेले प्रवासी]

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर आयल ऑफ वाइट हे बेट आहे. सकाळी लंडनहून निघायचं, दुपार बेटाच्या वाळूवर घालवायची आणि रात्री मुक्कामाला परत यायचं, हे उन्हाळ्यात एका दिवसात नीट जमतं. वाटेत तीन वाहनं लागतात : पोर्ट्समथपर्यंत रेल्वे, तिथून बोट आणि बेटावर पुन्हा रेल्वे. दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा या वाहनांच्या सांध्यापाशी, म्हणून आपण सांध्यांकडेच जास्त बघणार आहोत.

पहिलं काम तिकिटाचं. पोर्ट्समथचं तिकीट काढू नका, थेट शँकलिनचं मागा. बेटावरच्या रेल्वेचं ते शेवटचं स्टेशन. या एकाच तिकिटात लंडनची गाडी, बोट आणि बेटावरची गाडी असं सगळं येतं. गेटवेहून मांडव्याला जाताना बोटीच्या तिकिटातच अलिबागची बस धरलेली असते, तसंच हे. फायदा पैशांपेक्षा मोठा आहे. गाडी उशिरा पोचून बोट चुकली, तर त्याच तिकिटावर पुढची बोट मिळते. तुकड्यातुकड्यांनी तिकिटं काढली, तर हा आधार जातो.

लंडनमध्ये तिकिटाऐवजी सगळीकडे चालणारं ऑयस्टर कार्ड पोर्ट्समथला चालत नाही. ते दाखवून वॉटर्लूच्या गेटातून आत शिराल, पण उतरल्यावर अडकाल आणि दंडही बसू शकतो. ऑफ-पीक, म्हणजे गर्दी नसलेल्या वेळेचं तिकीट स्वस्त असतं, पण सोमवार ते शुक्रवार सकाळच्या गर्दीच्या गाड्यांना ते लागू नाही. दोघं मिळून जाणार असाल तर टू टुगेदर रेलकार्ड या सवलतीच्या कार्डावर भाडं एक तृतीयांशाने कमी होतं. त्याच्या अटी दोन : प्रवास दोघांनी सोबतच करायचा, आणि कामाच्या दिवशी साडेनऊच्या आधी निघायचं नाही.

रविवारी किंवा बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, जात असाल तर आदल्या संध्याकाळी वेळापत्रक पुन्हा बघा. रुळांची मोठी कामं याच दिवसांत काढतात. मग मधल्या टप्प्यावर गाडीऐवजी बस येते आणि एखादा तास सहज वाढतो.

[दृश्य : धावती गाडी. सरेच्या टेकड्या, हेझलमिअरचा चढ]

वॉटर्लू ते पोर्ट्समथ हार्बर सुमारे ११९ किलोमीटर. जलद गाडीलाही दीड तासाहून जास्त लागतो. गिल्डफर्ड सोडलं की गाडी वळणं घेत चढू लागते. त्याचं कारण या मार्गाच्या जन्मात आहे. गिल्डफर्डपुढच्या गोडाल्मिंगपासून हॅव्हंटपर्यंतचा पट्टा थॉमस ब्रासी या कंत्राटदाराने स्वतःच्या हिमतीवर बांधला, पुढे एखादी रेल्वे कंपनी विकत घेईल या हिशोबाने. खर्च वाचवायला बोगदे आणि भराव कमी केले आणि रूळ टेकड्यांच्या कलाने नेले. ते चढ आणि ती वळणं अजून तशीच आहेत. डिसेंबर १८५८ च्या अखेरीस हॅव्हंटला दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची माणसं रुळांवर समोरासमोर आली. एकीने रूळ उखडले होते आणि वाटेत इंजिन उभं केलं होतं. मार्ग सुरू झाला तो पुढच्या जानेवारीत.

आता नीट ऐका, कारण नवखे इथेच फसतात. पोर्ट्समथच्या नावाची दोन स्टेशनं आहेत. आधी पोर्ट्समथ अँड साउथसी येतं. गाडीतले बरेचसे प्रवासी तिथे उतरतात, त्यांच्यामागे जाऊ नका. बोटीसाठी शेवटचं स्टेशन हवं, पोर्ट्समथ हार्बर. काही गाड्या मात्र साउथसीच्या खालच्या फलाटांवरच संपतात. वॉटर्लूला गाडीत बसतानाच ती हार्बरपर्यंत जाते ना, हे फलकावर बघून घ्या.

[दृश्य : पोर्ट्समथ हार्बर. फलाट, फळ्यांखाली हलणारं पाणी]

१८७६ साली उघडलेलं हे स्टेशन धक्क्यावर, पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभं आहे. बोटीची वाट स्टेशनातूनच जाते, बाहेर पडावं लागत नाही. चालणं दोन-तीन मिनिटांचं. तरी गाडी आणि बोट यांत निदान पंधरा मिनिटं ठेवा. बोटीचं दार सुटण्याच्या वेळेआधी बंद होतं. सुट्टीच्या दिवशी मुलांच्या बाबागाड्या, सायकली, कुत्रे अशी मोठी रांग असते. शिवाय बंदराचं तोंड अरुंद आहे. नौदलाची एखादी मोठी नौका ये-जा करत असली, तर बाकीच्यांना थांबावं लागतं.

फास्टकॅट ही दोन सांगाड्यांची बोट, म्हणजे कॅटामरान. बेटावरच्या राईड या गावाला ती २२ मिनिटांत नेते. चढलात की वरच्या उघड्या डेकवर जा. शेजारीच १८६० ची लोखंडी युद्धनौका वॉरियर आहे. पलीकडे नौदलाच्या गोदीत ट्रफाल्गरच्या लढाईतली व्हिक्टरी ही युद्धनौका, आणि मागे १७० मीटर उंच स्पिनकर मनोरा. आणखी एक जहाज इथे अनेक वर्षं नांगरून होतं, त्याचं नाव मराठी माणसाने लक्षात ठेवावं : ट्रिंकोमली. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं हे जहाज पुढे फूद्रॉयां या नावाने मुलांना दर्यावर्दीपण शिकवत याच बंदरात होतं. १९८७ साली ते हार्टलपूलला नेलं. डागडुजी होऊन आजही तिथे तरंगतं आहे.

पोर्ट्समथच्याच साउथसी भागातल्या किनाऱ्यावरून राईडला हॉवरक्राफ्टही जातं, दहाच मिनिटांत. ही सेवा १९६५ पासून आहे. पण त्याचा मार्ग तिकिटावर वेगळा नोंदलेला असतो, बोटीचं तिकीट तिथे गृहीत धरू नका. आणि ते हवेच्या उशीवर चालत असल्याने उंच लाटा त्याला सोसत नाहीत. वारा वाढला की आधी हॉवरक्राफ्ट थांबतं. कॅटामरानही बंद पडली, तर मोटारी नेणारी मोठी फेरी बोट हा उरलेला पर्याय. ती पोर्ट्समथच्या गनव्हार्फ धक्क्यावरून बेटावरच्या फिशबोर्नला जाते आणि सुमारे पाऊण तास घेते. तिथून राईड बसने गाठायचं.

[दृश्य : राईडचा धक्का, ओहोटी, दूरवर ओली वाळू]

राईडला बोट लागते ती ६८१ मीटर लांब धक्क्याच्या टोकाला. एवढी लांबी का, हे ओहोटीच्या वेळी कळतं. किनारा इतका उथळ आहे की पाणी जवळजवळ अर्धा मैल मागे हटतं. १८१४ पूर्वी प्रवाशांना हमालाच्या पाठीवर बसून बोटीतून उतरावं लागे आणि मग ओल्या वाळूतून पायपीट. धक्का झाला आणि बोटींची भरतीची वाट बघणं संपलं. त्याला लागून रेल्वेचा वेगळा धक्का आहे, १८८० सालचा.

धक्क्याच्या टोकावरच बेटाची गाडी उभी असते, दोन डब्यांची. ती बघून लंडनची मेट्रो आठवली तर नवल नाही. हे डबे १९८० च्या आसपास लंडनच्या डिस्ट्रिक्ट लाइनसाठी बांधलेले होते. नव्याने सजवून ते नोव्हेंबर २०२१ पासून इथे धावतात. त्याआधी इथे १९३८ सालचे मेट्रोचे डबे होते. कारण राईडचा बोगदा. तिथे पाणी साचायचं म्हणून रूळ उचलले, त्यामुळे छत जवळ आलं आणि नेहमीच्या उंचीची गाडी मावेना.

शँकलिनपर्यंतचा मार्ग साडेआठ मैलांचा, वेळ पंचवीस मिनिटांच्या आत. बराचसा मार्ग एकेरी आहे. ब्रेडिंगला दुसरा रूळ पुन्हा टाकल्यापासून समोरासमोरच्या गाड्या तिथे एकमेकींना वाट देतात आणि दर अर्ध्या तासाला गाडी मिळते. पूर्वी हेच अंतर एकदा वीस मिनिटं, एकदा चाळीस असं असायचं, आणि बोटीशी मेळ बसत नसे. अर्थात दोन गाड्यांवर सगळं वेळापत्रक चालतं. एक बिघडली की तासाभराची खोटी.

[दृश्य : स्मॉलब्रुक जंक्शन. झाडी, वाफेचं इंजिन]

हाताशी वेळ असेल तर स्मॉलब्रुक जंक्शनला उतरा. या स्टेशनाला रस्ता नाही, बाहेर पडायला दार नाही. फक्त गाडी बदलायची. इथून साडेपाच मैलांची वाफेची रेल्वे वूटनला जाते. तिकीट वेगळं. तिच्या ताफ्यातलं १८९१ चं कॅलबोर्न हे इंजिन बघायलाच हवं : बुटकं, लांब पाण्याच्या टाक्यांचं, आणि अजून जोमाने ओढणारं. मात्र वाफेची गाडी रोज नसते. ती ज्या दिवशी नसते, त्या दिवशी राईड-शँकलिनची गाडीही स्मॉलब्रुकला थांबत नाही. तारखा आधी बघा.

पोहायचं असेल तर सँडाउन किंवा शँकलिन. दोन्हीकडे स्टेशनवरून समुद्राकडे उतार आहे, परतताना तोच चढ. मुलं आणि सामान घेऊन वीस मिनिटं धरा.

परतीचा हिशोब उलट्या बाजूने करा. आधी पोर्ट्समथ हार्बरहून लंडनची कोणती गाडी हवी ते ठरवा, तिच्या वीस मिनिटं आधी पोचणारी बोट निवडा आणि मग त्या बोटीला जुळणारी शँकलिनची गाडी. ती तिन्ही कागदावर लिहून ठेवा. आणि ठरवलेली बोट शेवटची नसावी. तिच्यानंतर निदान एक बोट आणि लंडनची एक गाडी शिल्लक असू द्या.