तामार: तीन बायका, एक झाड आणि वाळवंटातली काही गावं

खजूर खाल्ला की बी आपण फेकून देतो, आज नका फेकू, जरा हातात घेऊन बघा. एका बाजूला उभी लांब चीर असते आणि उलट्या बाजूला मधोमध एक बारीक खळगा, टाचणीच्या डोक्याएवढा. कोंब येतो तो तिथूनच.

या खजुराला हिब्रूत म्हणतात तामार. लिहायला तीनच अक्षरं लागतात, ताव, मेम आणि रेश, कारण जुन्या हिब्रूत स्वर लिहायची पद्धतच नव्हती, म्हणजे आपण काना मात्रा काहीच न देता नुसतं तमर लिहावं तसं. अरबीत त्याचं भावंड आहे तम्र, आणि अरबांनी आपली चिंच बघितली, तपकिरी, चिकट, आत बिया, तर तिला म्हणायला लागले तम्र हिंदी, हिंदुस्थानचा खजूर, आणि त्यातूनच पुढे टॅमरिंड आलं. म्हणजे आमटीत आपण जो कोळ घालतो त्याच्या इंग्रजी नावातसुद्धा हा खजूर बसलाय! असो, चिंचेवर परत कधीतरी.

तर बायबलमध्ये हे नाव तीन बायकांचं आहे, आणि गावांचंही आहे.

पहिली तामार भेटते उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्याच पुस्तकाच्या, 38व्या अध्यायात. यहूदा, म्हणजे याकोबाच्या बारा मुलांपैकी एक, त्याची ही थोरली सून. नवरा एर मेला, मूल नाही. तेव्हाची रीत अशी की धाकट्या दिराने वहिनीशी संबंध ठेवून भावाचा वंश चालवायचा, तर तो दीर ओनान, तोही मेला. उरला शेला, सगळ्यात धाकटा. यहूदा घाबरला, हिच्या पायगुणानेच पोरं जातायत असं त्याच्या मनात (हे वाक्य आपल्याकडे किती घरांत ऐकलंय ना), म्हणून तिला म्हणाला शेला मोठा होईपर्यंत माहेरी जाऊन रहा. शेला मोठा झाला, पण हिला काही बोलावणं आलं नाही.

मग यहूदाची बायको वारली, आणि दुःखाचे दिवस सरल्यावर तो मेंढ्यांची लोकर कातरायला तिम्नाला निघाला. तामारला कळलं, तिने विधवेचे कपडे उतरवले, तोंडावर बुरखा घेतला आणि वाटेवर एनाईमच्या वेशीपाशी जाऊन बसली. त्याला वाटलं वेश्याच आहे. मोबदला म्हणून करडू पाठवतो म्हणाला, ती म्हणाली ठीक आहे पण तोपर्यंत काहीतरी गहाण ठेव, आणि तिने मागून घेतलं काय तर त्याची मुद्रा, गोफ आणि हातातली काठी. आजच्या हिशोबात सही, शिक्का आणि आधार कार्ड! नंतर मित्राच्या हातून करडू पाठवलं तर बाई गायब, तर यहूदा म्हणतो राहू दे तिच्याकडेच, उगाच आपलं हसं होईल.

तीन महिन्यांनी बोभाटा झाला की सून गरोदर आहे. यहूदाने लगेच निकाल दिला, बाहेर काढा आणि जाळा. तिला बाहेर नेत असताना तिने त्या वस्तू सासऱ्याकडे पाठवल्या, निरोप एवढाच, ज्याच्या या वस्तू त्याच्यापासून मला दिवस गेलेत, ओळख पटते का बघा. त्याने ओळखल्या, आणि कबूल केलं की तिचंच बरोबर, चूक माझी, तिला मी शेलाला दिलं नाही. तिला जुळे झाले, पेरेस आणि जेरह, आणि या पेरेसच्याच वंशात पुढे दावीद राजा. मत्तयने आपल्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ दिलीय ना, सगळी बापांची नावं, त्यात ही तामार आवर्जून आहे.

आता गावं. मृत समुद्राच्या पश्चिम काठाला एन-गेदी आहे, आसपास नुसते उघडे डोंगर आणि पिता न येणारं खारं पाणी, पण कड्यातून गोड पाण्याचे झरे पडतात. याचं जुनं नाव हससोन-तामार. बायबलमधल्याच शास्ते नावाच्या पुस्तकात बाल-तामार हे गाव आहे. यहेज्केल संदेष्टा इस्राएल देशाची दक्षिण सीमा सांगतो तीही तामारपासून सुरू होते, आणि मृत समुद्राच्या दक्षिणेला एन हात्सेवा इथे खोदकामात जुना किल्ला सापडलाय, तो हाच असं बरेच अभ्यासक मानतात. खजुरीला मुळाशी पाणी लागतं, त्यामुळे वाळवंटात जिथे तामार नाव तिथे पाणी असणार एवढं प्रवाशाला कळायचं.

एका ठिकाणी मात्र गंमत आहे. शलमोन राजाने बांधलेल्या गावांच्या यादीत, बायबलच्या 1 राजे या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात, मजकुरात लिहिलंय तामार पण हिब्रू पोथीच्या समासात सूचना आहे की वाचताना तदमोर म्हणा. मधे दालेत हे एक अक्षर वाढलं की गाव दक्षिणेच्या वाळवंटातून उठून थेट सीरियात जातं, कारण तदमोर म्हणजे पाल्मिरा, तिथलं प्राचीन शहर. मला विचाराल तर यादीतली गेजेरसारखी बाकीची गावं बघता छोटं तामारच खरं वाटतं, पण राजाचा थाट वाढवायला कुणाला आवडत नाही.

दुसरी तामार दावीदची मुलगी. सावत्र भाऊ अम्नोन आजारी पडल्याचं सोंग करतो, बापाला सांगतो तामारला पाठवा, तिच्या हातचं खायचंय. ती येते, त्याच्यासमोर पीठ मळते, पोळ्या भाजते. तो सगळ्यांना बाहेर काढतो. ती नको म्हणते, कारणं देते, विनवते, तो ऐकत नाही, बलात्कार करतो आणि मग तिचाच तिरस्कार येऊन नोकराला सांगतो हिला बाहेर काढ आणि दार लाव. तिने डोक्यावर राख टाकली, अंगातला राजकन्येचा लांब झगा फाडला आणि रडत गेली. दावीदला राग आला असं लिहिलंय. राग आला, बस, पुढे त्याने काही केलं नाही. सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षं गप्प राहिला आणि मग अम्नोनला मारवलं, तेही लोकर कातरणीच्याच जेवणावळीत.

बायबलमध्ये या गोष्टीच्या पुढच्याच अध्यायात एक ओळ आहे, पटकन वाचलं तर निसटते. अबशालोमला तीन मुलगे आणि एक मुलगी झाली. मुलग्यांची नावं तिथे नाहीतच. मुलीचं आहे, तामार. ही तिसरी.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेम पाडलं आणि विजयाची नाणी काढली, त्यावर खजुरीचं झाड आणि त्याच्या खाली बसून रडणारी एक बाई. नाणं पाडणाऱ्याला यातलं काही माहीत असेल असं वाटत नाही.

आणि तुमच्या हातातली ती बी. मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात, 1963 ते 65 मध्ये, जवळपास दोन हजार वर्षं जुन्या खजुराच्या बिया सापडल्या. 2005 मध्ये इस्राएलमधल्या केतुरा किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीत, त्यातली एक रुजवली, कोंब आला! नाव ठेवलं मथुशलह, बायबलमधला सगळ्यात जास्त जगलेला म्हातारा. पण तो निघाला नर, आणि खजुरीत नर मादी झाडं वेगळी असतात, म्हणून फळ नाही. नंतर अशाच जुन्या बियांपासून आणखी सहा रोपं झाली, आदाम, योना, उरीएल, बवाज, यहूदीथ, हन्ना, आणि हन्नाला मथुशलहचा पराग लावून 2020 मध्ये खजूर आले. सात झाडांची नावं ठेवली, तामार एकीचंही नाही.