शहापूरची आत्या आणि शहापूरचं दुकान

(बेळगावातल्या विद्यार्थ्यांसमोर वाक्यरचनेवर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज मी एकच वाक्य घेऊन आलोय. "माझ्या आत्यानं शहापूरच्या दुकानातून कुंद्याचा डबा आणला." सात शब्द. बेळगावात कुठल्याही घरी कानावर पडेल असं वाक्य. शहापूर हा बेळगावचाच एक भाग आणि कुंदा ही इथली दुधाची मिठाई.

यातला 'शहापूरच्या' हा एकच शब्द उचलून मी सगळ्यात पुढे ठेवतो. "शहापूरच्या माझ्या आत्यानं दुकानातून कुंद्याचा डबा आणला." काय झालं बघा. आत्या शहापूरला राहायला गेली आणि दुकान कुठलं ते कळेनासं झालं. आता तो शब्द परत जागेवर ठेवू आणि 'शहापूरच्या दुकानातून' ही जोडी मिळून हलवू. "शहापूरच्या दुकानातून माझ्या आत्यानं कुंद्याचा डबा आणला." आत्या जिथली तिथं, दुकानही जिथलं तिथं. "कुंद्याचा डबा आणला माझ्या आत्यानं शहापूरच्या दुकानातून" असंसुद्धा आपण बोलता बोलता म्हणून जातो.

म्हणजे वाक्यात शब्द मण्यांसारखे एकामागोमाग ओवलेले नसतात. त्यांचे आधी गठ्ठे बांधले जातात आणि गठ्ठ्यांचं वाक्य होतं. या गठ्ठ्याला पदबंध म्हणतात. तो ओळखायची आणखी एक खूण आहे: त्याच्या जागी एकच शब्द बसतो. 'माझ्या आत्यानं'च्या जागी 'तिनं', 'शहापूरच्या दुकानातून'च्या जागी 'तिथून', 'कुंद्याचा डबा'च्या जागी 'तो'. "तिनं तिथून तो आणला." पण 'दुकानातून कुंद्याचा' हेही शेजारशेजारचेच दोन शब्द आहेत, त्यांच्या जागी काय घालाल? काहीच बसत नाही. शेजारी असले तरी ते एका घरचे नाहीत.

आणि प्रत्येक घरातला मुख्य शब्द शेवटी बसतो, हे मराठीचं वळण. 'कुंद्याचा डबा' हा डबाच असतो, कुंदा नव्हे. सगळ्या वाक्याचं क्रियापदही सहसा शेवटी. ऐकणाऱ्याला तिथवर थांबावं लागतं.

गठ्ठ्यात गठ्ठा असतो, आणि खरी गंमत तिथं आहे. 'जुन्या गावातली शाळा' आणि 'जुनी गावातली शाळा' हे म्हणून बघा. पहिल्यात गाव जुनं, दुसऱ्यात शाळा जुनी. शब्दांचा क्रम तोच. फक्त 'जुन्या'चं 'जुनी' झालं आणि विशेषण कुणाच्या घरचं ते कळलं. कन्नडात विशेषणाचं रूप बदलत नाही. 'हळे ऊरिन शाले' यातून दोन्ही अर्थ निघू शकतात. शाळाच जुनी म्हणायची असेल तर 'ऊरिन हळे शाले' असा क्रम बदलावा लागतो. मराठीत जे काम प्रत्यय करतो, ते कन्नडात जागा करते. मराठीची ही सोय नेहमीच कामी येते असंही नाही. "मी गच्चीवरून पडलेला पतंग बघितला." गच्चीवर कोण होतं, मी की पतंग? 'गच्चीवरून' हे 'पडलेला'शी बांधलं तर पतंग, 'बघितला'शी बांधलं तर मी. तेच शब्द, तोच क्रम, पण बांधणी दोन.

आता आत्याचं वाक्य कन्नडात म्हणू. "नन्न अत्ते शहापूरद अंगडियिंद कुंदाद डब्बि तंदळु." माझी, आत्या, शहापूरच्या, दुकानातून, कुंद्याचा, डबा, आणला. शब्दाखाली शब्द ठेवत गेलं तर जागा जुळत जातात. एक भाषा आर्य कुळातली, दुसरी द्राविड. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच वर्षी मरे एमेनो या अभ्यासकाचा एक लेख आला. भारतातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषा शेजारामुळे एकमेकींसारख्या झाल्या आहेत आणि हा सगळा मिळून एक भाषिक प्रदेश ठरतो, असं त्यात मांडलं होतं. पुढे १९७१ मध्ये गम्पर्झ आणि विल्सन या भाषाअभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथं घरात मराठी, कन्नड, उर्दू वेगवेगळ्या टिकल्या होत्या, पण वाक्याची घडण इतकी जवळ आली होती की एका भाषेतल्या शब्दाच्या जागी दुसरीतला ठेवत गेलं की वाक्य तयार. आपल्याला हे वाचून नवल वाटू नये. 'काल आलेला पोरगा' आणि 'निन्ने बंद हुडुग' हे आपण गणपत गल्लीत भाजी घेताना एका श्वासात बोलतो.

मी शिकायला बाहेर होतो तेव्हा एका निबंधात लिहिलं होतं, "बाबांनी उद्या येतो म्हणून सांगितलंय." शिक्षकांनी 'म्हणून'भोवती लाल गोल काढला आणि शेजारी 'कानडी वळण' असं लिहिलं. तो गोल मला बरीच वर्षं टोचत राहिला. वळण जुळतं हे खरंच आहे. "नाळे बरुत्तेने अंत हेळिद्दारे" यात 'अंत' त्याच जागी बसतो आणि तोही 'म्हणणे' अशाच अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. पण संस्कृतातला 'इति'सुद्धा बोललेल्या वाक्याच्या मागेच बसतो. आणि 'येतो म्हणून सांग' हे मराठी मुलखात सगळीकडे चालतं. चूक कसली काढली होती, हे मला अजून कळलेलं नाही. सीमाभागातल्या मुलांनी ही लाल शाई मनाला लावून घेऊ नये, असं मला फार वाटतं.

मात्र दोन्ही भाषा एकच झाल्यात असं समजू नका. आत्याच्या वाक्यात शेवटचा शब्द बघा. 'तंदळु' म्हणताना आणणारी बाई आहे हे क्रियापद सांगतं. 'आणला' मात्र डब्याच्या मागे गेला. आत्याऐवजी काकानं आणला तरी 'आणला'च, आणि डब्याऐवजी बरणी आणली तर 'आणली'. शिवाय मराठीत आत्याला 'नं' लागला, कन्नडात 'अत्ते' तशीच राहिली. यालाच आपण शाळेत कर्मणी प्रयोग म्हणत पाठ केलं. आणखी पुढे जाऊ. "मी म्हैस बांधली." आणि "मी म्हशीला बांधलं." म्हशीला 'ला' लागला, तशी तिची क्रियापदावरची पकड सुटली. आता ते माझ्याही मागे जाईना, म्हशीच्याही जाईना. हा भावे प्रयोग. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या व्याकरणात प्रयोगांची चर्चा वाचा. दमवते, पण वाचा.

मग क्रियापद ज्याच्या मागे जातं तो कर्ता, ही व्याख्या टिकत नाही. पाणिनीची व्याख्या वेगळी आहे: 'स्वतन्त्रः कर्ता', क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. पण "मला कन्नड येतं" यात स्वतंत्र कोण? 'ननगे कन्नड बरुत्तदे', इथंही तेच कोडं. येतं ते कन्नड, मी नुसता 'ला' लावून बसलेलो.

यासाठी एक चाचणी आहे. 'आपला' हा शब्द वाक्यात घालायचा आणि तो कुणाकडे बोट दाखवतो ते बघायचं. "तिनं मला आपल्या घरी नेलं." घर तिचं. म्हणजे साधारणपणे 'आपला' कर्त्याकडे जातो. आता हे वाक्य घ्या: "तिला आपल्या गावाची आठवण आली." क्रियापद आठवणीच्या मागे गेलंय, 'तिला'वर प्रत्यय आहे. तरी गाव कुणाचं? तिचंच. प्रत्ययानं हिरावून घेतलेला मान 'आपला' तिला परत देतो.

माझी आई माहेरची कन्नड, बैलहोंगलकडची. पहिल्या पावसात दारात उभी राहून ती म्हणायची, "ऊरिन नेनपु आयितु." आम्ही पोरं विचारायचो, कुणाला? मग ती आमच्यासाठी मराठीत सांगायची, "मला आपल्या गावाची आठवण आली रे."