‘इन युटेरो’ : दोन आठवड्यांचं काम

मंडळी, निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचा ‘इन युटेरो’ हा अल्बम बहुतेक लोक उलटीकडून ऐकतात. म्हणजे एप्रिल १९९४ मध्ये उभं राहून मागे वळून. बँडचा गायक-गिटारवादक कर्ट कोबेन याने तेव्हा सत्ताविसाव्या वर्षी आत्महत्या केली, आणि हा अल्बम त्याच्या जेमतेम सहा-सात महिने आधी, सप्टेंबर १९९३ मध्ये आला होता. त्यामुळे यातली ओळ अन् ओळ निरोपाच्या चिठ्ठीसारखी वाचायची सवय लागली आहे. मला ती सवय मोडायची आहे.

आधी तारखा बघू. ‘ऑल अपॉलॉजीज’ हे शेवटचं गाणं, ज्यात लोकांना हमखास मृत्यूची चाहूल लागते, ते १९९० चं आहे. ‘डम्ब’ आणि ‘पेनीरॉयल टी’सुद्धा त्याच सुमाराची. म्हणजे ‘नेव्हरमाइंड’ हा त्यांचा आधीचा, गाजलेला अल्बम यायच्या आधीची, जेव्हा सिअॅटलच्या आसपास सोडलं तर या पोरांना कोणी ओळखत नव्हतं. निरोपाची म्हणून आपण जी गाणी ऐकतो, त्यांतली निम्मी तरी चोविशीच्या आतबाहेरच्या, खिशात दमडी नसलेल्या मुलाची आहेत.

याला एक गोष्ट आडवी येते, ती लपवत नाही. अल्बमचं आधीचं नाव ‘आय हेट मायसेल्फ अँड वाँट टू डाय’ असं ठरत होतं. कोबेनने ते थट्टेनं ठेवलं होतं, त्याने तसं सांगितलंही होतं; बँडचा बासवादक क्रिस्ट नोव्होसेलिक याने समजावल्यावर ते बदललं. आज त्या थट्टेवर हसू येत नाही, हे खरं. पण फेब्रुवारी १९९३ मध्ये स्टुडिओत जे घडलं ते त्या नावावरून कळत नाही. ते कळतं एका पत्रावरून.

पत्र लिहिलं होतं स्टीव्ह अल्बिनीने. शिकागोचा हा माणूस ध्वनिमुद्रण करायचा. पिक्सीज या बँडचा १९८८ चा ‘सर्फर रोझा’ त्याने रेकॉर्ड केला होता आणि कोबेनला तो अल्बम फार आवडायचा. ‘नेव्हरमाइंड’चा आवाज कोबेनला नंतर नंतर नकोसा झाला होता, फार गुळगुळीत, फार चकचकीत वाटायचा. त्या चकचकीत अल्बमनेच जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनला ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या खपाच्या यादीतल्या पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं होतं, हा भाग वेगळा.

तर अल्बिनीने काम घेण्याआधी आपल्या अटी लिहून कळवल्या. अल्बमला एक आठवड्याहून जास्त वेळ लागला तर कोणीतरी माती खातंय, असं त्याचं मत. रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, घेणार नाही, एक टक्कासुद्धा नाही. रेकॉर्ड कंपनीला वाटेल की मी एक-दीड टक्का मागेन. तीस लाख प्रती खपल्या तर त्याचे चार लाख डॉलर होतात. एवढे पैसे घेतले तर मला झोप लागणार नाही, असं त्याने लिहिलं. गाणी बँडची, वाजवणार बँड, विकत घेणारे लोक बँडचे, मग पैसेही बँडचे. मला प्लंबरसारखे पैसे द्या. प्लंबर नळ बसवतो, मजुरी घेतो आणि जातो; पाण्याच्या बिलात जन्मभर वाटा मागत नाही. शेवटचं वाक्य माझं, पण हिशेब त्याचाच.

मजुरी ठरली एक लाख डॉलर. आता एक लाख म्हणजे काही किरकोळ मजुरी नव्हे, हे मान्य. पण चार लाख समोर दिसत असताना ते नाकारणारा माणूस त्या धंद्यात मला दुसरा आठवत नाही. स्टुडिओचं भाडं साधारण चोवीस हजार डॉलर झालं आणि ते बँडने स्वतःच्या खिशातून भरलं, म्हणजे कंपनीचा माणूस येऊन मागे उभा राहायला नको.

स्टुडिओ होता पॅकिडर्म, मिनेसोटा राज्यातल्या कॅनन फॉल्स या गावाबाहेर, झाडीत. फेब्रुवारीचा महिना, बाहेर बर्फ. बुकिंग ‘सायमन रिची ब्लूग्रास एन्सेम्बल’ या नावाने. सायमन रिची हे सेक्स पिस्टल्स या दणदणाटी पंक बँडच्या सिड व्हिशसचं खरं नाव. आणि ब्लूग्रास म्हणजे बँजो-फिडलचं अमेरिकन गावरान संगीत. पंक ऐकणाऱ्यांना हसू फुटेल असा हा आडोसा.

काम कसं झालं? बहुतेक गाणी बँडच्या तिघांनी एकत्र, एकाच वेळी वाजवली. मूळ वाजवणं सहाएक दिवसांत उरकलं. कोबेनने बराचसा गळा एका बैठकीत, सहा तासांत गायला. सगळं मिळून दोन आठवडे, मिक्सिंगसकट; मिक्सिंग म्हणजे वेगवेगळे आवाज कमीजास्त करून एकत्र जुळवणं. आता विचार करा, तुटलेला, हरवलेला माणूस असं काम करतो का? तयारी करून आलेले तीन वादक असं काम करतात.

आता ‘सेंटलेस अॅप्रेंटिस’ची सुरुवात ऐका.

(गाण्याची सुरुवात ऐकवली जाते.)

हा ड्रम ऐकलात? डेव्ह ग्रोलच्या ड्रमभोवती अल्बिनीने तीसच्या आसपास मायक्रोफोन लावले होते. सगळे काही ड्रमला चिकटून नव्हते. काठी कातड्यावर पडते, तो आवाज भिंतीपर्यंत जातो, परत येतो, आणि ते परत येणंही टेपवर उतरतं. ‘नेव्हरमाइंड’मध्ये ड्रम कानाशी येऊन आदळतो, इथे आपण खोलीत उभे असतो. ‘व्हेरी एप’ आणि ‘टुरेट्स’ या दोन वेगवान गाण्यांसाठी तर ड्रम उचलून स्वयंपाकघरात नेला. तिथला घुमारा हवा होता. मशीनमधून घुमारा काढणं सोपं होतं, पण अल्बिनीचा त्यावर विश्वास नव्हता.

पुढचा भाग भांडणाचा, तो थोडक्यात सांगतो. टेप ऐकून कंपनीचे आणि मॅनेजमेंटचे चेहरे पडले. एप्रिलमध्ये अल्बिनीने ‘शिकागो ट्रिब्यून’ला सांगून टाकलं की कंपनीला अल्बम आवडलेला नाही, तो निघेल याची खात्री नाही. मग ‘न्यूजवीक’ने ते उचललं, बँडने ‘बिलबोर्ड’मध्ये पानभर जाहिरात देऊन खुलासा केला. गाजावाजा बराच झाला.

पण त्या गदारोळात एक गोष्ट दबली. कोबेन स्वतःही पूर्ण खूश नव्हता. बास नीट ऐकू येत नाही, शब्द नीट कळत नाहीत, ही तक्रार त्याची होती. म्हणून ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ आणि ‘ऑल अपॉलॉजीज’ ही दोन गाणी स्कॉट लिटकडून पुन्हा मिक्स करून घेतली. लिट म्हणजे आर.ई.एम. या बँडचे गाजलेले अल्बम करणारा माणूस. ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’मध्ये कोबेनने वरचा सूर आणि अकूस्टिक गिटार नव्याने भरली. अल्बिनीचे कट्टर भक्त याला आजही शरणागती म्हणतात. मी अल्बिनीला मानतो, पण मला विचाराल तर लिट बरोबर होता. या दोन गाण्यांना चाल आहे, आणि चाल ऐकू यायला हवी. बाकीच्या दहांचं मिक्सिंग तेव्हा बदललं नाही तेही बरोबरच.

कोबेनला ओबडधोबड आवाज हवा होता आणि तो सगळ्यांपर्यंत पोचायलाही हवा होता. वॉलमार्ट आणि केमार्ट या दुकानांनी अल्बम ठेवायला नकार दिला, कारण मागच्या कव्हरवर गर्भाच्या प्रतिकृतींचा खच होता. मार्च १९९४ मध्ये कव्हर बदललं आणि ‘रेप मी’ या गाण्याचं नाव पाठीवर ‘वेफ मी’ असं छापलं. तत्त्वनिष्ठ लोकांनी नाकं मुरडली. पण कोबेन वॉशिंग्टन राज्यातल्या अॅबर्डीनचा, लाकूडतोडीवर जगणाऱ्या गावचा. तसल्या गावातल्या पोराला कॅसेट मिळते ती अशाच दुकानात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मला यात तडजोड कमी आणि व्यवहार जास्त दिसतो. आपल्याकडेही तालुक्याच्या गावी केबलवर एमटीव्ही दिसायच्या काळात इंग्रजी कॅसेटचं एखादंच कपाट असलेलं दुकान ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे लगेच कळेल.

अल्बम पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत एक लाख ऐंशी हजार प्रतींनी पहिल्या क्रमांकावर आला. तीस लाखांचा अंदाज केव्हाच मागे पडला. अल्बिनी मात्र मजुरीवरच राहिला. शिकागोत स्वतःचा स्टुडिओ उभारला, ओळखीचे-अनोळखी शेकडो बँड रेकॉर्ड केले, आणि हो, ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या पत्त्यांच्या मालिकेतल्या दोन स्पर्धाही जिंकल्या, ही ऐकीव गंमत नाही. मे २०२४ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तो गेला.

आता प्रात्यक्षिक. वीस वर्षांनंतर, २०१३ च्या आवृत्तीत लिटने बदललेल्या त्या दोन गाण्यांची अल्बिनीने केलेली मूळ मिक्सिंगं छापली गेली. ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ मी दोन्ही तऱ्हांनी लावतो. कुठलं कोणाचं ते आधी सांगणार नाही. मधल्या गिटारच्या तुकड्याकडे लक्ष द्या, तिथे फरक सगळ्यात स्पष्ट आहे. मग हात वर करून मत द्या, आणि माझ्या विरुद्ध दिलंत तरी चहा मिळेल.